एमआरआयच्या चित्रात बाबांची भाषा कुठे आहे?

सुनंदा_बोरगाव | १० नोव्हेंबर, रात्री ९.२०

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यंदा आषाढात, पेरण्या आटोपल्यावर, माझ्या वडिलांना लकवा झाला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. पाय पुढे बराच सावरला, बोलणे मात्र गेले. शहरातील एका रुग्णालयात एमआरआय काढला. तेथील डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, डाव्या बाजूचा पांढरा डाग आम्हाला दाखवला आणि ‘बोलण्याचे केंद्र इथे असते, ते गेलेले आहे’ असे सांगितले.

ती फिल्म मोठ्या पाकिटात घालून आम्ही घरी आणली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाऊ ती खिडकीच्या उजेडात धरून दाखवत असे. बाबा समोरच बाजेवर बसलेले असत, आणि आलेले लोक बाबांकडे न बघता फिल्मकडे बघत. ‘केंद्रच गेले’ म्हटल्यावर बाबांशी बोलण्यात काही अर्थ नाही असे हळूहळू सर्वांनी धरले. खरे सांगायचे तर मीही धरले.

मग पोळा आला. तोरणाखाली बैल उभे राहिले आणि झडत्या, म्हणजे पोळ्याला मोठ्याने म्हणायची पद्ये, सुरू झाल्या. बाबांना आम्ही खुर्चीवर आणून बसवले होते. पहिली झडती संपली तेव्हा सगळ्या गावाबरोबर बाबांच्या तोंडून ‘हर हर महादेव’ असे खणखणीत शब्द बाहेर पडले. दुसरी झडती सुरू झाल्यावर त्यांनी तिची निम्मी ओळ झडती म्हणणाऱ्याच्या बरोबरीने, एकही अक्षर न गाळता म्हटली. मी त्यांच्या खुर्चीला टेकून उभी होते, त्यामुळे यात ऐकण्याची चूक नाही. त्याच संध्याकाळी आमच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून मी विचारले, ‘बाबा, हे काय आहे?’ त्यांचे ओठ हलले, डोळ्यांत पाणी आले आणि ‘ते... ते...’ यापलीकडे शब्द आला नाही.

तेव्हापासून मला एकच प्रश्न पडलेला आहे. केंद्र गेले असेल तर झडती कोणी म्हटली? आणि केंद्र गेले नसेल तर ‘बैल’ हा दोन अक्षरांचा शब्द का येत नाही? चित्रात याचे उत्तर आहे का, की चित्राला हा प्रश्नच विचारता येत नाही?

गेले दोन महिने मी मिळेल ते वाचते आहे. ‘बोलण्याचे केंद्र’ ही कल्पना १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांनी रुजवली. त्यांचा रुग्ण लेबोर्न्य हा ‘तां’ एवढाच उच्चार करू शकत असे. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकांनी मेंदू पाहिला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातील इजेशी वाचा जाण्याचा संबंध जोडला. सुदैवाने त्यांनी तो मेंदू कापला नाही, जपून ठेवला. २००७ मध्ये संशोधकांनी त्याच जपलेल्या मेंदूचा एमआरआय काढला, तेव्हा इजा ब्रोकांनी वरून पाहिली त्यापेक्षा पुष्कळ खोल गेलेली आणि दूरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत पोहोचलेली आढळली. म्हणजे ज्या रुग्णावरून ‘केंद्र’ हा शब्द रूढ झाला, त्याच्याही बाबतीत केवळ ते केंद्र गेलेले नव्हते. इंग्लंडमधील ह्यूलिंग्ज जॅक्सन या वैद्याने तर १८७४ मध्येच बजावले होते की वाचा नष्ट करणारी इजा कुठे आहे हे ठरवणे वेगळे आणि वाचा कुठे आहे हे ठरवणे वेगळे. हे वाक्य दीडशे वर्षांपूर्वीचे आहे, आणि तरीही आमच्या हातात फिल्म देताना कोणी ते आम्हाला सांगितले नाही.

या विषयातील जाणकार येथे असतील तर त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मी डॉक्टर नाही. चुकत असेन तर दुरुस्त करावे.

क्ष_किरण | १० नोव्हेंबर, रात्री ११.०५

सुनंदाताई, मी नागपुरात एमआरआय यंत्रावर तंत्रज्ञ म्हणून काम करतो आणि मूळचा हिंगणघाटकडचा आहे. आधी एक घोटाळा दूर करतो, कारण तो घरोघरी होतो. तुमच्याकडील फिल्म मेंदूच्या रचनेची आहे. रक्तपुरवठा बंद पडून कोणता भाग मेला, एवढेच ती दाखवते. वर्तमानपत्रात मेंदूचे लाल-पिवळे उजळलेले चित्र छापून ‘भाषेचा भाग सापडला’ अशी बातमी येते, ते चित्र निराळे. त्याला फंक्शनल एमआरआय म्हणतात. मराठीत ‘कार्यदर्शी’ म्हणू. एक चित्र काय मोडले ते दाखवते, आणि दुसरे काम चालू असताना काय घडते ते दाखवते असे मानले जाते. ‘मानले जाते’ हे शब्द मी जाणून वापरतो आहे.

कार्यदर्शी चित्रात चेतापेशींचे काम थेट दिसत नाही. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवले की प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असल्यामुळे रक्तातील फरक यंत्राला टिपता येतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की त्याच्याकडे जास्त रक्त धावते, आणि आपण टिपतो ते हे रक्त. ते लगेच पोहोचत नाही; पेशींच्या कामानंतर संकेत शिगेला जायला पाच-सहा सेकंद लागतात. आपण बोलतो तेव्हा सेकंदाला चार-पाच अक्षरे सहज होतात. म्हणजे एका शब्दाचे रक्त पोहोचेपर्यंत बोलणारा दहा-पंधरा शब्द पुढे गेलेला असतो. संकेतातील बदलही जेमतेम काही टक्क्यांचा असतो, म्हणून एकच कृती पुनःपुन्हा करवून घेऊन सरासरी काढावी लागते.

दुसरी मर्यादा आकाराची. चित्राच्या सर्वांत लहान घन तुकड्याला व्हॉक्सेल म्हणतात. त्याची बाजू साधारणपणे तीन मिलिमीटर धरली, तरी तेवढ्या तुकड्यात लाखो चेतापेशी असतात. गावाबाहेरच्या डीपीवर मीटर बसवले आहे असे समजा. रात्री अकरा वाजता भार वाढला हे ते मीटर दाखवेल. पण तो भार कोणाच्या ओलिताची मोटार सुरू झाल्यामुळे वाढला, पिठाच्या चक्कीमुळे वाढला की लग्नघरच्या रोषणाईमुळे, हे मीटरवरून कळणार नाही. शिवाय काही पेशी इतरांना गप्प बसवण्याचे काम करतात, आणि त्यालाही ऊर्जा लागते. त्यामुळे भार वाढला म्हणजे काम पुढे सरकले असेही नक्की म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट वजाबाकीची, आणि माझ्या मते सर्वांत मोठी अडचण इथेच आहे. मेंदू कधीच स्वस्थ नसतो. यंत्रात पडलेल्या माणसाचा संपूर्ण मेंदू कामात असतो. म्हणून संशोधक दोन चित्रे घेतात: एकदा शब्द वाचताना आणि एकदा, उदाहरणार्थ, निरर्थक खुणा पाहताना. पहिल्यातून दुसरे वजा केले की उरेल ते शब्दाचे काम, असा हिशेब असतो. या हिशेबात गृहीत असे आहे की मेंदूत कामे एकावर एक रचलेली असतात आणि वरचे काढले तरी खालचे जसेच्या तसे राहते. हे गृहीत कोणी सिद्ध केलेले नाही. आणि काय वजा करायचे ते संशोधकाने आधीच ठरवलेले असल्यामुळे, भाषेविषयी त्याची जी समजूत असेल तीच रंग लावून त्याच्याकडे परत येते.

संख्याशास्त्राचे दोन दाखले देतो. २००९ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’ आणि नेहमीचाच हिशेब केला. हजारो व्हॉक्सेलची एकाच वेळी तुलना करताना जी दुरुस्ती करायची असते ती मुद्दाम वगळल्यामुळे माशाच्या मेंदूत ‘उजळलेला’ भाग दिसला. दुरुस्ती केल्यावर तो नाहीसा झाला. २०२० मध्ये पैजेसंबंधीच्या एका प्रयोगाची एकच माहिती ७० चमूंना दिली गेली. नऊ विधाने तपासायची होती. कोणत्याही दोन चमूंनी तंतोतंत एकाच पद्धतीने विश्लेषण केले नाही, आणि अनेक विधानांवर त्यांची उत्तरे जुळली नाहीत. तो प्रयोग भाषेचा नव्हता, परंतु यंत्र तेच आणि हिशेबाची रीतही तीच.

माझ्या रोजच्या कामातले एक सांगतो. यंत्राचा आवाज इतका मोठा असतो की कानात बोळे घालावे लागतात. डोके गाद्यांमध्ये घट्ट बसवतो, कारण ते दोन-तीन मिलिमीटर हलले तरी चित्र बिघडते. बोलताना जबडा हलतो, म्हणून भाषेच्या पुष्कळ प्रयोगांत माणसाला ‘मनातल्या मनात म्हणा’ असे सांगतात. तुमच्या वडिलांनी तोरणाखाली, बैल समोर असताना, गावाच्या सुरात सूर मिसळून जे म्हटले ते त्या नळीत घडणे फार अवघड आहे.

डॉ_ग्रामीण | ११ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

चर्चा चांगली आहे, परंतु मला एका गोष्टीची काळजी वाटते. हा धागा वाचून कोणी ‘स्कॅनमध्ये काही अर्थ नसतो’ असे धरून चालू नये. मी ग्रामीण भागात रुग्ण पाहतो. तोंड वाकडे होणे, एक हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक झाले तर त्याच मिनिटाला वाहन काढावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देण्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही ना, हे सीटी स्कॅन करून पाहावेच लागते. रक्तस्रावात तेच औषध दिले तर जीव जाऊ शकतो. आपल्याकडे गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यातच दोन-तीन तास जातात. आधी मांत्रिकाकडे, मग मालिशवाल्याकडे आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

इजा कुठे आणि केवढी, हे चित्र उत्तम सांगते. भाषेचे काम कसे चालते हा प्रश्न त्याच चित्राला विचारणे ही विचारणाऱ्याची चूक आहे. सुनंदाताई, तुमच्या वडिलांविषयी ‘केंद्र गेले’ असे एका वाक्यात सांगायला नको होते. इजेच्या आसपासचे आणि तिच्याशी जोडलेले दूरचे भागही सुरुवातीला गप्प पडतात, आणि त्यांतले काही पुढे जागे होतात, हे वैद्यकाला शंभर वर्षांपासून माहीत आहे.

वाचा_उपचारक | ११ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

मी अमरावतीला वाचा-उपचाराचे काम करते. सुनंदाताई, पोळ्याच्या दिवशी तुम्ही जे पाहिले ते वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडलेल्या, अनेक रुग्णांत दिसते, आणि मघाशी तुम्ही ज्यांचे नाव घेतले त्या जॅक्सन यांनीच त्याचे पहिले नीट वर्णन केले. आकडे मोजणे, वारांची नावे, पाठ असलेली आरती, शिवी, ‘अरे देवा’ यांसारखे उद्गार हे आपोआप येणारे बोलणे टिकून राहते, आणि स्वतः जुळवून करायचे बोलणे जाते. रुग्ण सोमवारपासून शनिवारपर्यंत घडाघडा म्हणतो, पण ‘आज कोणता वार?’ या प्रश्नावर अडतो. शब्द तोच; त्याच्याकडे पोहोचण्याची वाट वेगळी. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ‘महादेव’ हा चार अक्षरांचा शब्द आला आणि ‘बैल’ आला नाही, याचे कारण शब्दाच्या लांबीत शोधून सापडणार नाही.

आता चित्राच्या मर्यादेविषयी मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते लिहिते. क्ष_किरण यांनी सांगितलेल्या अडचणी यंत्र सुधारले की कमी होतील. पण एक अडचण यंत्र कितीही सुधारले तरी उरते. डेव्हिड पोपेल आणि डेव्हिड एम्बिक यांनी २००५ मध्ये ती नेमकी मांडली. भाषेचा अभ्यासक वर्ण, प्रत्यय, विभक्ती, वाक्यरचना अशा एककांत विचार करतो. मेंदूचा अभ्यासक पेशी, तंतू, स्तंभ, लहरी अशा एककांत विचार करतो. या दोन याद्या समोरासमोर ठेवल्या तर एकीतील कोणत्या वस्तूने दुसरीतील कोणती वस्तू घडते हे सांगता येत नाही. ‘वाक्यरचना’ नावाचे एकच काम मेंदूत आहे असे गृहीत धरून तिची जागा शोधणे, म्हणजे ‘शेती’ हे काम गावात नेमके कोणत्या घरात होते असे विचारण्यासारखे आहे.

मराठीतलेच उदाहरण घ्या. ‘बाबांनी कडबा टाकला’, ‘बाबांनी पेंडी टाकली’, ‘बाबांनी गवत टाकले’. करणारा एकच आहे, परंतु क्रियापद त्याच्याकडे न पाहता टाकलेल्या वस्तूकडे पाहते. ‘बाबा पेंडी टाकतात’ म्हटले की तेच क्रियापद पुन्हा बाबांकडे वळते. चार वर्षांचे पोर हा हिशेब क्षणार्धात आणि न चुकता करते: ‘-नी’ ऐकला, वस्तूचे लिंग लक्षात ठेवले, काळ पाहिला, मग शेवट बसवला. कार्यदर्शी चित्रात या चारही पायऱ्या एकाच डागात विरघळतात. तो डाग पाहून पायऱ्या चार होत्या की दोन, आणि कोणती आधी, हे ओळखता येत नाही.

वेळेपुरता उपाय मेंदूच्या विद्युतलहरी टिपणाऱ्या ईईजीमध्ये आहे. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवले की वाक्यात अर्थाने न बसणारा शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एक ठराविक लहर उमटते. ‘आईने ताटात गरम भाकरी आणि विटा वाढल्या’ यातील ‘विटा’ शब्दावर ती उमटेल. वेळ अचूक मिळाली, परंतु जागा हरवली: डोक्यावर टिपलेली लहर आतल्या कोणत्या स्रोतांपासून आली याची अगणित उत्तरे संभवतात, आणि त्यांतले खरे कोणते हे केवळ लहरींवरून ठरत नाही. एका साधनाला ‘कुठे’ दिसते आणि दुसऱ्याला ‘केव्हा’. दोन्ही एकत्र ठेवली तरी ‘कसे’ हे आपल्यालाच सिद्धान्त मांडून सांगावे लागते.

आणखी एक. एखादा भाग उजळला म्हणजे तो त्या कामाला आवश्यक आहे असे नाही. तो नुसता सोबतीला असू शकतो. उलट दिशेचा तर्कही फसवा असतो. डाव्या बाजूच्या ज्या पुढच्या भागाकडे ब्रोकांनी बोट दाखवले त्याला ब्रोका क्षेत्र म्हणतात. ‘ब्रोका क्षेत्र उजळले, म्हणजे तो माणूस भाषेचे काम करत होता’ हे विधान रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये तपासले आणि त्यातून मिळणारा पुरावा दुबळा ठरला, कारण तोच परिसर इतर कामांतही उजळतो. पुढे एव्हलिना फेडोरेंको आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक व्यक्तीचा नकाशा स्वतंत्रपणे काढला, तेव्हा ब्रोका क्षेत्रातच अगदी शेजारी-शेजारी दोन भाग निघाले: एक भाषेला प्रतिसाद देणारा आणि दुसरा गणितापासून स्मरणापर्यंत कोणत्याही अवघड कामात गुंतणारा. ते दोन्ही प्रत्येकाच्या मेंदूत थोडे इकडे-तिकडे असतात. पूर्वीच्या अभ्यासांत वीस-पंचवीस जणांचे मेंदू एका साच्यात बसवून सरासरी काढल्यामुळे हे दोन शेजारी एकच दिसत होते. सरासरी मेंदू कोणाच्याच डोक्यात नसतो, आणि माझ्यासमोर येणारा रुग्ण नेहमी एकच माणूस असतो.

पऱ्हाटी | ११ नोव्हेंबर, रात्री ८.४५

मी अकोला जिल्ह्यातला असून सध्या पुण्यात संगणक क्षेत्रात आहे. वरील सर्व मान्य करूनही मला वाटते की आपण थोडे जुन्या यंत्राविषयी बोलतो आहोत. २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी कार्यदर्शी एमआरआयच्या माहितीवरून, माणूस ऐकत असलेल्या किंवा मनात म्हणत असलेल्या गोष्टीचे वाक्यरूप संगणकाकडून लिहवून घेतले. रक्त पाच सेकंद उशिरा येते ही अडचण त्यांनी भाषा-प्रारूपाच्या, म्हणजे पुढचा शब्द अंदाजणाऱ्या संगणक-प्रणालीच्या, साहाय्याने ओलांडली. मग ‘चित्रावरून भाषा समजत नाही’ हे विधान आज कितपत टिकते? सुनंदाताईंच्या वडिलांसारख्यांना यातून वाचा मिळण्याची आशा धरू नये का?

क्ष_किरण | ११ नोव्हेंबर, रात्री १०.२०

पऱ्हाटी, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि तो प्रयोग खरोखर मोठा आहे. परंतु त्यात काय लागले ते पाहा. प्रत्येक व्यक्तीला यंत्रात पडून सुमारे १६ तास गोष्टी ऐकाव्या लागल्या, आणि एकावर तयार केलेले प्रारूप दुसऱ्यावर चालले नाही. निघालेले वाक्य मूळ शब्द देत नव्हते, बहुधा आशय देत होते. माणसाने मनात मुद्दाम दुसरेच काही चालवले तर प्रारूप फसत होते. मुख्य म्हणजे पुढचा शब्द कोणता संभवतो हे भाषा-प्रारूपाने पुरवले. मेंदूने कोणत्या दिशेला जायचे तेवढे सांगितले. ओळखता येणे आणि समजणे यांत अंतर आहे. ढग पाहून पाऊस ओळखणारा अनुभवी शेतकरी बहुतेक वेळा बरोबर ठरतो, पण पाऊस कसा तयार होतो हे त्यातून कळत नाही.

आशेविषयी एवढेच म्हणेन की ते प्रयोग भाषा शाबूत असलेल्या निरोगी माणसांवर होते. वाचाघातात मोडलेली असते ती भाषेचीच जुळवणी, आणि यंत्राने वाचायचे असते तेही तिलाच.

मेळघाट_मास्तर | १२ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

मी धारणी तालुक्यात बावीस वर्षे शिक्षक आहे. एक बाजू अजून कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहितो. आपल्या विदर्भात मराठी आणि हिंदी या आर्य कुळातील भाषा आहेत, गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातील आहेत, आणि माझ्या विद्यार्थ्यांची कोरकू ऑस्ट्रो-आशियाई कुळातील आहे. बुलढाण्याकडची निहाली तर कोणत्याच कुळात बसत नाही. माझ्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ घरी कोरकू, बाजारात हिंदी आणि कार्यालयात मराठी बोलत. त्यांना लकवा झाल्यावर तपासणी झाली ती मराठीत, आणि अहवालात ‘आकलन अत्यल्प’ असे लिहून आले. घरी त्यांची पत्नी कोरकूत ‘पाणी हवे का’ असे विचारी आणि ते मान हलवून तांब्याकडे बोट दाखवीत. स्कॅन एकच होता. त्यावर कोणत्याही भाषेचे नाव नव्हते.

दोन भाषा येणाऱ्यांच्या कार्यदर्शी चित्रांत दोन्ही भाषांचे डाग बहुतांशी एकमेकांवर पडतात, आणि त्यावरून ‘दोन्ही भाषा एकाच जागी’ असे लिहिले जाते. पण जॉर्ज ओजमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी १९७८ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी, जाग्या असलेल्या द्विभाषिक रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युत्स्पर्श केला, तेव्हा काही ठिकाणी एका भाषेतील शब्द अडला आणि दुसऱ्या भाषेतील सहज आला. चित्रात एकच दिसणारी जागा स्पर्शाला दोन निघाली. एक भाषा परत आली आणि दुसरी आली नाही, असे रुग्ण तर एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेले आहेत.

शिक्षक म्हणून मला दुसरी गोष्ट अधिक टोचते. ज्या चित्रांवरून ‘मानवी मेंदूतील भाषा’ असे ठोकून सांगितले जाते, त्यांतील पुष्कळ चित्रे विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांची असतात. अक्षरओळख हीच मेंदू बदलणारी गोष्ट आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले आणि आधी व नंतर त्यांचे स्कॅन काढले. बदल मेंदूच्या खोल, प्राचीन भागांपर्यंत पोहोचलेले आढळले. आमच्या पाड्यावरच्या आजीच्या भाषेचा नकाशा एखाद्या परदेशी विद्यार्थ्याच्या नकाशावरून कसा सांगणार? आणि देवनागरीतील ऱ्हस्व इकार पाहा: तो लिहायचा आधी आणि उच्चारायचा नंतर. ‘कि’ वाचताना माझी पहिलीतील मुले रोज तिथे अडखळतात. रोमन लिपी वाचणाऱ्याच्या मेंदूला हे काम कधी करावेच लागत नाही.

हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. तेथे निर्णायक माहिती मिळाली ती घरच्यांना विचारून: माणूस कोणत्या भाषा बोलत होता, विसरायला कधी लागला. ती कोणत्याही यंत्रातून निघाली नसती.

वाचा_उपचारक | १२ नोव्हेंबर, दुपारी १.१५

मास्तरांचा मुद्दा मला माझ्या कामात रोज भेटतो. सुनंदाताई, तुमच्या वडिलांची चित्रकार्डांवर चाचणी झाली होती का? झाली असेल तर कोणते शब्द चुकीचे धरले गेले ते पाहाल का? शक्य असल्यास ते शब्द जसेच्या तसे येथे लिहा.

सुनंदा_बोरगाव | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

सर्वांचे मनापासून आभार. आज शाळेतून आल्यावर चाचणीचा कागद काढला. ती सप्टेंबरात एका शहरात झाली होती. चाळीस कार्डांपैकी सहा बरोबर, असे त्यावर लिहिले आहे. चुकलेल्या शब्दांपुढे बाबांनी काय म्हटले तेही तपासणाऱ्याने नोंदवले आहे, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. विहिरीच्या चित्राला बाबांनी ‘इहीर’ म्हटले, त्यापुढे फुली आहे आणि ‘पहिला वर्ण गळतो’ असा शेरा आहे. डोळ्याच्या चित्राला ‘डोया’, त्यापुढे फुली आणि ‘वर्ण बदलतो’. केळीच्या चित्राला ‘केयी’, पुन्हा फुली. आमच्या गावात जन्मलेले कोणीही हेच म्हणेल. बाबा आयुष्यभर हेच म्हणत आले. म्हणजे सहा नव्हे, किमान नऊ शब्द आले होते, आणि ते सप्टेंबरातच आले होते. मी स्वतः वर्गात मुलांची ‘इहीर’ खोडून ‘विहीर’ लिहायला लावते, म्हणून तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसले.

फिल्म मी कपाटात ठेवली आहे. पुढच्या तपासणीला ती न्यायची आहे, म्हणून जपून ठेवली आहे. भावाला आज हा सगळा धागा वाचून दाखवला. आता येणाऱ्यांना तो ती दाखवत नाही. बाबांच्या शेजारी बसवतो आणि वारांची नावे एकत्र म्हणायला लावतो.

पोळ्यापासून मी एक वही ठेवली आहे. एका रकान्यात तारीख आणि दुसऱ्यात बाबांनी म्हटलेला शब्द, असे आजवर लिहीत होते. तुमचे वाचून आज तिसरा रकाना आखला: तो शब्द कसा आला. विचारल्यावर, कोणाच्या मागून, गाण्यात, रागात, की आपणहून. आजची नोंद अशी आहे. संध्याकाळी बैल गोठ्याकडे वळला नाही म्हणून बाबा बाजेवरून ओरडले, ‘बांध त्याले!’ तिसऱ्या रकान्यात मी ‘आपणहून’ असे लिहिले आहे. ते बरोबर की ‘रागात’ लिहायला हवे, हे ताईंनी सांगावे.

वाचा_उपचारक | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

दोन्ही लिहा. आणि ‘त्याले’ हा शब्द अधोरेखित करा. त्यात विभक्तीचा प्रत्यय जागच्या जागी लागलेला आहे. सोमवारी वही घेऊन बाबांसह या. कार्डे मी नवी करून ठेवते, वऱ्हाडी शब्दांची.